कपाटातला पंखा

आमच्या मेहकरच्या घरात, हॉलमधल्या सागवानी कपाटात, एक कॉम्प्युटर होता आणि तो कधीच बंद करायचा नाही असा नियम होता. नियम माझ्या धाकट्या भावाचा. तो बंगळुरूला असतो. बाबांना पक्षाघाताचा झटका आला, दवाखान्यातून घरी आणलं आणि त्यांचा पलंग हॉलमध्ये लावला, तेव्हा तो सुट्टी काढून आला होता. परत जाण्याआधी त्याने भिंतभर टीव्ही बसवला आणि त्याला जोडून तो कॉम्प्युटर. त्यावर सिनेमे, भजनं, घरातले जुने फोटो आणि बाबांना आवडायच्या म्हणून कितीतरी कुस्त्या भरून ठेवल्या. कोपऱ्यात छताजवळ एक कॅमेरा लावला, म्हणजे त्याला तिकडून फोनवर बाबा दिसत राहतील. कॅमेऱ्याचं सगळं चित्रण त्याच कॉम्प्युटरवर साठायचं.

"फक्त हा बंद नको करू ताई," तो म्हणाला. "मले तिथं काम सुचत नाही. बाबा दिसले की बरं वाटते."

मी हो म्हटलं. मी पुण्याहून आले होते. दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत मी होते. कुठे काही अडलं की फोनवरून सोडवून द्यायचं, हे माझं काम. ते घरून करता येत होतं. शिवाय माझं लग्न झालेलं नव्हतं. भावाला बायको होती, लहान मुलगी होती. "तू मोकळी आहेस," असं सगळेच म्हणाले, आणि मोकळी म्हणून मीच अडकले.

बाबा बाजार समितीत हर्रास करायचे. सोयाबीनच्या, तुरीच्या ढिगावर उभं राहून भाव पुकारायचा, बोली वाढवत न्यायची आणि तोडायची. त्यांचा आवाज इतका खणखणीत, की रस्त्यापलीकडच्या आमच्या स्वयंपाकघरात आईला तूर काय भावाने गेली ते कळायचं. झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू गेली आणि त्या सगळ्या आवाजातला एकच शब्द शिल्लक राहिला. 'बस.' पाणी हवं असलं तरी बस, नको असलं तरी बस. डॉक्टर म्हणाले, असं होतं. समजतं सगळं, पण तोंडाशी एकच शब्द येतो. आपण अंदाजाने ओळखायचं.

आम्ही आमच्या सोयीने ओळखलं. बाबा "बस" म्हणाले की आई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसायची. भेटायला येणारेही बसायचे. बीबी गावची आत्या तर त्यांचा हात धरून तासन्‌तास बसे आणि म्हणे, "मले सोडतच नाही पाहा. बस म्हणते."

हिवाळा बरा गेला. होळी झाली आणि ऊन चढलं, तशी बाबांची दुपार बिघडू लागली. जेवण झालं, औषध दिलं, आईने खिडक्या लावून पडदे ओढले की थोड्याच वेळात सुरू व्हायचं. आधी हळू, मग जोरात. बस. बस. बस. डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर मारायचे. कठडा लोखंडी होता. मनगटाला काळंनिळं झालं तेव्हा आईने त्याला जुनी गोधडी गुंडाळली. आम्ही दोघी दोन्ही बाजूंना बसायचो. ते थांबायचे नाहीत. आमच्याकडे बघून मान हलवायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. मी आतल्या खोलीत कानावर हेडफोन चढवून पुण्याच्या लोकांशी शुद्ध भाषेत बोलत असायचे आणि मध्येच कठड्याचा आवाज घुसायचा. मग "एक मिनिट हं" म्हणून आवाज बंद करायचा आणि बाहेर पळायचं.

तेवढ्यात भावाचा फोन. "ताई, आत्ता बाबांजवळ कोणी नव्हतं. किती वेळ हात मारून राह्यले होते."

"मी कामात होते."

"आई?"

"आई बाथरूममध्ये होती. तेही सांगायचं का?"

त्याला काही बोलून दाखवायचं नसायचं, हे मला माहीत होतं. पण हॉलमधून जाताना मी ओढणी सारखी करू लागले. चहा पिताना पाठ कॅमेऱ्याकडे करू लागले. एकदा आई बसल्या जागी झोपली, तर तिला पटकन हलवून उठवलं, आणि उठवल्यावर मलाच कसंतरी झालं. चार खोल्यांचं घर. त्यातली तीन अंधारी करून ठेवलेली, चौथीत मी. गेटच्या बाहेर पडायचं म्हणजे मेडिकल आणि भाजी, तेही पंधरावीस मिनिटांत परत.

डॉक्टरांनी शांत राहायची गोळी दिली. तिने बाबा शांत झाले, पण घास तोंडातच ठेवून झोपायला लागले. आई घाबरली. "असं नोको. बोंबलू दे, पण जेवू दे," म्हणाली. गोळी बंद केली. पुन्हा कठडा.

एप्रिलमध्ये एका दिवशी तारा बदलायच्या म्हणून सकाळपासून वीज नव्हती. दुपारपर्यंत इन्व्हर्टरही बसला. वरचा पंखा थांबला, टीव्हीखालचे दिवे गेले. कूलर आम्ही लावतच नव्हतो, कारण ओल्या हवेने बाबांची छाती भरायची. हॉल नुसता तापला. मी मनाशी म्हटलं, आज काही खरं नाही. ओला पंचा घेऊन बसले आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागले. बाबा घामाने निथळत होते. मी वाट बघत होते आणि ते काहीच म्हणत नव्हते. माझ्याकडे बघितलं, एक लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले. गोळी नाही, काही नाही, बाबा गाढ झोपले. आई दारात येऊन उभी राहिली आणि खुणेनेच तिने विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले.

वीज आली तेव्हा मी तिथेच होते. पंखा फिरायला लागला आणि कपाटात तो कॉम्प्युटर सुरू झाला. आधी एकदम घोंघावला, मग खाली आला, मग पुन्हा हळूहळू चढत गेला. बारीक शिट्टीसारखा आवाज. चढायचा, आता थांबेल असं वाटेपर्यंत चढायचा, उतरायचा आणि परत चढायचा. मी दिवसभर हेडफोनमध्ये, आईला एका कानाने कमी ऐकू येतं. आम्हाला तो आवाज कधी जाणवलाच नव्हता. बाबांचं डोकं मात्र कपाटापासून हातभर अंतरावर होतं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बस."

त्यांची नजर माझ्याकडे नव्हती. कपाटाकडे होती.

मी उठून प्लग काढला. ते थांबले. मी प्लग पुन्हा लावला. शिट्टी सुरू झाली आणि त्यांनी हात उचलला. मी घाईघाईने प्लग काढून टाकला आणि तिसऱ्यांदा काही लावून पाहिलं नाही.

"आई," मी म्हटलं, "ते आपल्याले बसा म्हणत नव्हते. पुरे म्हणत होते. या आवाजाले."

आई पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आन् मी इतके दिवस नुसती बसूनच राह्यली व त्याइच्याजवळ."

बाबांनी डावा हात तिच्याकडे केला. ती बसली.

फोन वाजलाच. "ताई, कॅमेरा काऊन बंद आहे?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग कपाटाचं दार उघडं ठेव ना. आतमध्ये गरम होत असन, म्हणून पंखा जोरात फिरते. बंद नको करू फक्त."

दार उघडं ठेवून पाहिलं. आतलं गरम वारं बाहेर आलं, पण आवाजही सगळा बाहेर आला. शिवाय आमचं घर बाजार समितीच्या रस्त्यावर. दिवसभर ट्रॅक्टर आणि धूळ. दोन दिवसांत आतल्या सगळ्यावर पिठासारखा थर बसला. दार लावलं तर आवाज जरा दबायचा, पण पंखा तेच तापलेलं वारं पुन्हा ओढायचा, आणखी तापायचा आणि आणखी जोरात ओरडायचा. उघडलं तर एक त्रास, लावलं तर दुसरा. मी दिवसभर ते काचेचं दार उघडत आणि लावत होते.

कायमचा बंद करावा तर तेही जमेना. सकाळी कुस्ती लावली की बाबांचा चेहरा उजळायचा. एखाद्या डावावर डावी मूठ आवळायचे. आणि संध्याकाळी भावाची मुलगी त्या मोठ्या टीव्हीवर दिसायची. आईचा दिवस त्यासाठीच उगवायचा. म्हणजे तो चालूही राहायला हवा होता आणि ऐकूही यायला नको होता.

मला कॉम्प्युटर बाहेरून माहीत होता, आतून नाही. मोबाईलवर बघून बघून शिकले. एका रविवारी आईच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्याचं झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांवर आणि त्याखालच्या धातूच्या पापुद्र्यांत धुळीचा नमदाच झाला होता. कोपऱ्यात पालीचं अंडं. रंगाच्या ब्रशने आणि सायकलच्या पंपाने सगळं साफ केलं. आईने वर घातलेला विणलेला रुमालही काढला, कारण वरच्या जाळीतूनच वारं बाहेर पडायचं होतं आणि रुमालाने ती झाकली होती.

"तो मी नव्या टीव्हीसाठी विणला होता," आई म्हणाली.

"टीव्हीवर नाही ना राहत तो. कुठी ठेवू?"

"ठेव कुठीही," म्हणाली आणि हॉलमध्ये निघून गेली.

चारपाच दिवस बरं वाटलं. मग ऊन आणखी वाढलं आणि शिट्टी परत आली. कपाटाची पाठच बंद होती. वाऱ्याला यायला वाट नाही आणि जायला वाट नाही. मी कपाट बनवणाऱ्या सुतारकाकांना बोलावलं. ते आले, दारावरून हात फिरवला, जणू घरातल्या पोरीलाच भेटायला आले होते.

"पाठीले भोकं?" ते म्हणाले. "ताई, उंदरं येतीन."

"जाळी लावू ना."

"खाली एक, वर एक. पण आवाज होईन कटरचा लय. दादा इथंच हायेत."

म्हणून बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर व्हरांड्यात नेलं. दवाखान्यातून आल्यापासून ते पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर येत होते. आम्ही दोघींनी खुर्ची पाठमोरी करून उंबरा ओलांडला. आम्ही हललो, धडपडलो, पण ते काही बोलले नाहीत. समोरून माल भरलेले ट्रॅक्टर समितीकडे चालले होते. बाबा मान उंचावून बघत राहिले. आत कटर किंचाळत होतं, त्याचं त्यांना काहीच नव्हतं.

तेवढ्यात त्यांचे एक जुने अडत्या मित्र मोटारसायकलवरून चालले होते, ते थांबले. गेटमधून आत आले आणि बाबांकडे बघत उभेच राहिले.

"बस," बाबा म्हणाले.

ते पायरीवर बसले. मग आजचा भाव, कोणाचा माल ओला निघाला, कोण नवा पोरगा हर्रास करतो आणि त्याचा आवाज कसा मागपर्यंत पोचत नाही, हे सगळं सांगत बसले. बाबा हसले. त्यांचं तोंड एका बाजूने वर जातं, पण ते हसणंच होतं. आई दारातून बघत होती. त्या दिवशी सुतारकाकांचं काम संपलं तरी आम्ही बाबांना आत नेलं नाही.

मग कुरिअरने एक मोठा पंखा मागवला. लहान पंख्याला तेवढंच वारं काढायला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. मोठा सावकाश फिरून काढतो. तो वरच्या भोकाशी लावला. स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे घातले, म्हणजे त्याची थरथर लाकडात उतरू नये. आतली डिस्क सारखी कुरकुरायची, ती आईच्या डब्यातल्या इलास्टिकने झोळीसारखी टांगली. खालून आलेलं थंड वारं आणि वर गेलेलं गरम वारं मिसळू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा पडदा केला. आईनेच टॉर्च धरला. "झोळीत घातलं का त्याले?" म्हणाली आणि हसली.

आवाज जवळजवळ गेला. सकाळी, संध्याकाळी काही ऐकू येईना. पण भर दुपारी, घर तापून निघालं की, तो बारीक सूर अजूनही चढायचा आणि बाबांचा हात उठायचा. मी कॉम्प्युटरवर नेमकं काय चाललंय ते उघडून पाहिलं. दुपारी त्याच्याकडे एकच काम होतं. कॅमेऱ्याचं. आम्हाला बघण्यातच तो तापत होता.

मी ते बंद केलं. आणि भावाचा फोन यायच्या आधी मीच त्याला फोन केला.

"ताई, तू मले न विचारता..."

"हाव. न विचारता."

"मंग मले बाबा कसे दिसतीन?"

"तुले बाबा दिसत होते रे. ऐकू येत नव्हते. त्या कॅमेऱ्याले आवाज कुठं होता? ते ओरडून राह्यले होते आन् तू पाहून राह्यला होता. आम्ही तर जवळ बसून पाहत होतो, आम्हालेही कळलं नाही."

मागे त्याची मुलगी काहीतरी मागत होती, तिला त्याने थांब म्हटलं. मग म्हणाला, "मी काय करू मंग?"

"फोन कर. नाहीतर ये."

तो मे महिन्यात आला. दुपारी जेवून हॉलमध्ये बसला, बाबांच्या बाजूला, आईच्या खुर्चीत. पडदे ओढलेले. वरचा पंखा तेवढा फिरत होता. थोड्या वेळाने तो उठला आणि कपाटाच्या काचेला कान लावला. "चालू आहे का?" मी खूण केली, चालू आहे. परत येऊन बसला. बाबा झोपलेले, तोंड उघडं. बाबांच्या श्वासात एक घरघर आहे. कपाटातला आवाज गेल्यापासून ती स्पष्ट ऐकू येते. मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि आपला जीव वर येतो. मग पुन्हा सुरू. भाऊ ते ऐकत बसला. मोबाईल हातात होता, पण तो बघत नव्हता. अर्ध्या तासाने उठून व्हरांड्यात गेला आणि भर उन्हात उभा राहिला. मी पाणी घेऊन गेले.

"ताई, तू कशी राहतेस इथं?" त्याने विचारलं.

मला खूप काही सांगता आलं असतं. "सवय झाली," एवढंच म्हटलं. ते खरं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं.

"दिवाळीले मी महिनाभर येतो," तो म्हणाला. "इथून काम करतो. तू पुण्याले जा." मला वाटतं तो खरंच बोलला असेल. गेल्यापासून तो रोज फोन करतो. आई फोन बाबांच्या कानाशी धरते आणि तो त्यांना मुलीच्या शाळेचं सांगतो, तिथल्या पावसाचं सांगतो. बाबा ऐकतात. हे आधी नव्हतं.

आधी मला वाटायचं, तो आवाज थांबला की सुटेन. बाबा सुटले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारी झोपतात, मनगटावरचे डाग गेले, कठड्याची गोधडी आईने काढून धुऊन ठेवली. पण त्या धावपळीत माझा उन्हाळा कसा गेला ते मला कळलंच नव्हतं. करायला काहीतरी होतं. पंखा होता, भोकं होती, भावाशी भांडण होतं. सगळं नीट झाल्यावर दुपारच्या शांततेत बसले, तेव्हा समोर फक्त दुपार होती. कॅमेरा बंद असूनही मी हॉलमधून जाताना ओढणी सारखी करत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. मी मुदत मागितली. थोडी मिळाली, मग नाही मिळाली. मॅडम चांगल्या होत्या. "घरी दुसरं कुणी नाही का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." आणि तसंच राजीनाम्याच्या मेलमध्ये लिहिलं.

आईला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आम्ही दोघी बाबांची चादर बदलत होतो. त्यांना एका कुशीवर करून ती धरून उभी होती आणि मी जुनी चादर ओढून काढत होते. नवी चादर घालून झाली, बाबांना सरळ केलं, उशी लावली. मग उशीवरचा हात तसाच ठेवून आईने विचारलं, "तुले जायचं होतं का व, पुण्याले?"

इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. बाबा आमच्या दोघींकडे बघत होते. त्यांना सगळं कळतं. खोटं बोलायचं माझ्या मनात आलं, पण जीभ वळली नाही.

"हाव," मी म्हटलं. "जायचं होतं."

आईने मान हलवली. जुनी चादर माझ्या हातातून घेतली आणि धुवायला टाकायला मागे गेली. मी बाबांच्या उशाशी जाऊन त्यांची सकाळची कुस्ती लावली.